शिळी खूण

मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. शाळा सरकारी होती, सगळं शिकवणं उर्दूत. अलिफ-बे मी मास्तरांच्या धाकानं गिरवलं आणि नीट गिरवलं. पण माझी स्वतःची भाषा मला पहिल्यांदा भेटली ती चोरून आलेल्या कागदावर.

आमचं गाव हिंगोलीच्या उत्तरेला, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. नाक्यापलीकडे वऱ्हाड. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत आणि वऱ्हाडाला इंग्रजी हद्द. मोगलाईत जे बोलायची बंदी होती ते त्या हद्दीत छापलं जाई आणि कडब्याच्या पेंढीत, घोंगडीच्या घडीत लपून नाका ओलांडून येई. एकदा तर पोखरलेल्या दुधी भोपळ्यातून आलं होतं, आणि वडिलांनी ते ओले कागद चुलीपुढं एकेक करून वाळवले होते. ते चळवळीतले. त्यांच्या मांडीवर बसून, कागदावरच्या ओळीखाली बोट फिरवत मी मराठी वाचायला शिकलो. बोटाला शाई लागायची. ती मी धूत नसे.

त्यामुळे माझ्या मनात गोष्ट अगदी सोपी होती. सरकारचा उर्दू पेपर म्हणजे खोटं. आपलं पत्रक म्हणजे खरं. यात तपासायचं काय? तपासणं ही मला फितुरीच वाटे, आणि तसं मी आत्याला एकदा तोंडावर म्हणालोही होतो.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा झालेली, आमच्याच गावात दिलेली. तिची जमीन बऱ्यापैकी होती आणि ती कोणाच्याही सल्ल्यावाचून स्वतः पिकवी. भावाबरोबर बसून बाळबोध अक्षरं शिकलेली, त्यामुळे पत्रक हाती पडलं की आधी ती वाची, मग मला परत मोठ्यानं वाचायला लावी, आणि मधेच हात वर करून थांबवी. "ही ओळ पुन्यांदा वाच." मला राग येई. पत्रक हे अंगार पेटवायला असतं, तांदळासारखं निवडायला नव्हे, असं मी म्हणे.

"आरं, अंगार पेटवायच्या आधी बी शेणी वल्ली हाय का वाळली ते बघतेत की," ती म्हणे.

मोगलाईच्या शेवटच्या वर्षी वडिलांवर वॉरंट निघालं. आईला आणि भावंडांना घेऊन ते वाशीमकडच्या छावणीत गेले, आणि तिथंच पत्रकं छापायच्या कामाला लागले. मी आत्यापाशी राहिलो. शाळू उभा होता, आणि आत्या जागची हलायला तयार नव्हती. तिचं न हलण्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची एकुलती एक लेक खाली वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूच्या एका लहान गावात दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा रिवाज. आणि वाटा बंद होत चालल्या होत्या. सरकारच्या आडोशानं हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, आगगाडीत झडत्या होत होत्या, सडकेवर कोण भेटेल याचा भरवसा नव्हता. लेकीला आणायचं कसं आणि कधी, एवढी एकच गोष्ट आत्याच्या डोक्यात होती.

माघात एके दिवशी पत्रक आलं. मी ते घाईनं उलगडलं आणि पहिल्या चार ओळींतच थांबलो. लेकीच्या गावाचं नाव छापलं होतं. गाव जाळून बेचिराख केलं, एक घर उभं राहिलं नाही, हळद शिजत असलेल्या कढया नराधमांनी उलथून टाकल्या, वाचलेली माणसं वऱ्हाडाच्या वाटेला लागली आहेत.

आत्या जात्यापाशी बसली होती. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. ती रडेल असं मला वाटलं. तिनं जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला.

"शाळेत जा," ती म्हणाली. "मास्तरकडून सरकारी पेपर घिऊन ये."

"आत्या, त्यात काय असणार?"

"काय असणार तेच बघायचं हाय. जा."

मास्तर मुसलमान, हिंगोलीचे. त्या दिवसांतही ते शाळा उघडून बसत. पोरं येवोत न येवोत. त्यांनी पेपर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "पढ़ लो बेटा. यक़ीन करना शर्त नहीं है." मग त्यांनी विचारलं, "आपा की बेटी उधरही है ना?" मी मान हलवली. 

पेपर मी आत्याला मराठीत करून सांगितला. वसमत तालुक्यात पूर्ण शांतता आहे, रयत आपापल्या कामात आहे, अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही.

"झालं," मी म्हणालो. "खोटारडे."

"थांब. आपल्या गावात शांतता हाय असं या पेपरनं कधी छापलं का?"

"नाही."

"कनेरगावचं? सेनगावचं?"

"नाही."

"मंग तिथलंच काहून छापलं? जिथं काहीच झालं न्हाई, तिथं काही झालं न्हाई असं कोण सांगत बसतं?" तिनं पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तिथं काहीतरी झालंय. हे या पेपरनंच कबूल केलं."

 इतकी वर्षं मी तो पेपर थुंकून टाकत आलो होतो, आणि तिनं त्याच थुंकलेल्या कागदातून बातमी काढली होती.

मग ती पत्रकाकडे वळली. "अन् हे कढयांचं. त्या गावची हळद अजून भुईत हाय. यंदा बेणं उशिरा भेटलं, लावणी उशिरा झाली. जावयानं सोता सांगितलं मला. पाला बी कापला नसंल अजून. कढई कुठून आली?"

"म्हणजे पत्रक खोटं?" माझ्या आवाजाला धार आली असणार.

"कढई खोटी," आत्या म्हणाली. "कढई खोटी म्हणून आग खोटी होत न्हाई. लिवणारा तिथं नव्हता, येवढं कळलं. आग लागली का न्हाई, ते न्हाई कळलं."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. तिला विश्वास ठेवायचा असता तर ती कढईकडे डोळेझाक करू शकली असती. लेक सुखरूप आहे अशी समजूत करून घ्यायची असती तर तिला कढई पुरली असती. तिनं दोन्ही केलं नाही. जेवढं कळलं तेवढंच धरलं, आणि उरलेलं तिच्या छातीवर धोंड्यासारखं राहू दिलं. लढायला छाती लागते म्हणतात. मी चळवळीत शूर माणसं पाहिली, पण न कळण्यात इतकं ताठ उभं राहिलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही.

आता खुणेचं सांगायला हवं. आमच्याकडे तोंडी निरोपाला सांगावा म्हणतात, आणि सांगाव्याला खूण लागते. लेक सासरी निघाली की मायलेकींच्या मनात काही गोष्टी खुणेसाठी राखून असतात. त्या दोघींनाच ठाऊक असलेल्या. सांगावा आणणारा आधी निरोप सांगतो, मग खूण सांगतो. खूण पटली तर निरोप खरा. आणि एकदा बोलली गेलेली खूण पुन्हा चालत नाही, कारण ती आता आणणाऱ्यालाही कळलेली असते. तिला शिळी खूण म्हणतात. शहाणी बाई शिळ्या खुणेवर पाऊल उचलत नाही.

त्या हंगामात आत्याच्या पडीक रानात एका धनगराची मेंढरं खतासाठी बसवली होती. दरवर्षी येणारा माणूस; मोठा बडबड्या. आत्यानं त्याला बोलावलं.

"खाली कुरुंद्याकडं जायचं हाय."

"जातो की, आक्का. मेंढरं बायकू बघंल."

"सडकेनं न्हाई जायचं. कोणी अडवलं तर?"

"मला कोण अडवतंय? मेंढरू हुडकून राहिलो म्हणायचं. आमची मेंढरं मोगलाईचं गवत खाऊन इंग्रजीत लेंडी टाकतेत, त्याहीला कोणी पकडलं का आजवर?"

आत्या हसली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. तिनं त्याला बाजूला नेलं आणि एक खूण दिली. तिकडं लेकीलाही पटायला हवं की माणूस आईकडूनच आला आहे. ती खूण काय होती ते मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला सांगितली तर शिळी हुईल."

धनगर गेला. इकडं गाव उकळू लागलं. पत्रक आता घरोघर फिरलं होतं. पारावर माणसं जमत, गाड्यांना वंगण घातलं जाई, भांडी बोचक्यात बांधली जात. आज ना उद्या टोळी आपल्याकडे येणार, त्याआधी नाका ओलांडावा, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं. मीही त्यांच्याच मताचा होतो. मला लाज वाटत नाही ते सांगायला. भीती खरी होती आणि टोळ्याही खऱ्या होत्या.

मग एक गाडीवान आला. वाशीमच्या बाजूचा, आमच्या ओळखीतला, सरळ माणूस. दुपारी आत्याच्या ओसरीवर येऊन पाणी प्याला. त्याच्यामागं अर्धं गाव आलं, कारण त्यानं वेशीतच सांगून टाकलं होतं की आक्काच्या लेकीचा सांगावा आहे.

"आक्का, लेक तुमची सुखरूप हाय," तो म्हणाला. "गाव जळालं तवा सासरच्यांसंगं निघाली, आता पल्याड छावणीत हाय. म्हणली, आईला म्हणावं तशीच निघून ये, माझी वाट बघत बसू नको."

गर्दीतून "देवा, देवा" असा आवाज उठला. एक म्हातारी डोळे पुसू लागली. आत्यानं फक्त विचारलं, "खूण?"

"नथ डेऱ्यात पडली व्हती, अन् लोण्याच्या गोळ्यात घावली."

मी आनंदानं जवळजवळ ओरडलो. असली गोष्ट मायलेकींखेरीज कोणाला ठाऊक असणार? आणि ती खरी होती, हे मला पुढं कळलं. फार वर्षांपूर्वी, आत्याचे यजमान हयात असताना, ताक घुसळताना आत्याची नथ डेऱ्यात पडली होती आणि लहानग्या लेकीला ती लोण्यात सापडली होती.

"पटली ना खूण?" पोलीस पाटील म्हणाला. "आता कशाला थांबता आक्का? गाडी जुंपायला सांगू?"

आत्या गाडीवानाकडे पाहत होती. रागानं नव्हे. "बाबा, तू माझ्या लेकीला डोळ्यानं पाहिलंस?"

गाडीवान घुटमळला. "मी म्हंजे… मला सांगितलं."

"कोणी?"

"आता ते नाव सांगू नको म्हणले मला."

"आईच्या गळ्याची शपथ घातली आसंल."

गाडीवानानं मान खाली घातली. तेवढ्यानं उत्तर मिळालं. आत्या उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खूण पटली. पर शिळी हाय. श्रावणात माझा भाऊ तिकडं गेला व्हता, तवा लेकीला दिवस गेल्याचा सांगावा त्यानंच आणला. हीच खूण घिऊन. नथ अन् लोणी. तवापासून ही खूण तिघांना ठावं हाय: मला, तिला अन् त्याला."

मला समजायला क्षण लागला. मग समजलं. आईच्या गळ्याची शपथ घालायची सवय वडिलांची; त्यांनीच छावणीतून हा सांगावा पाठवला होता. बहीण लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसेल आणि टोळीच्या हाती सापडेल, या भीतीनं. तिला ओढून सुरक्षित न्यायचा दुसरा मार्ग त्यांना दिसला नव्हता. परका माणूस असं खोटं बोलू शकला नसता. त्याला खूण कुठून मिळणार? हे खोटं फक्त घरच्या माणसाला जमलं असतं, आणि तेही फक्त मायेपोटी.

पण मी चळवळीचा पोरगा; मी हटलो नाही. "आत्या, सांगावा शिळा असेल. पण पत्रकही तेच म्हणतंय. गाव जळालं. दोन ठिकाणांहून एकच बातमी आली. दोन साक्षी झाल्या."

"पत्रक कोण छापतं रे?"

"वडील," मी म्हणालो.

"एका विहिरीतून दोन बादल्या वढल्या म्हणून दोन विहिरी होतेत का?"

पारावरचा एक तरणा, ज्याची बैलं आधीच जुंपून तयार होती, चिडून म्हणाला, "आक्का, तुमी शाण्या आहात, पर टोळीला तुमचं शानपण ठावं न्हाई. खूण इचारायला थांबणार न्हाईत ते."

"बराबर बोलला," आत्या म्हणाली. "तुमी जा. तुमच्या घरी लेकरंबाळं हायेत, थांबा म्हणायचा मला हक न्हाई. माझी लेक जित्ती असली तर ती इथं येणार. माहेर म्हणून येणार, अन् दाराला कुलूप बघणार. मी तिला ते दाखवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. सारं गाव गेलं असं नाही. काही म्हातारी माणसं, वाड्यावस्तीवरची काही घरं आणि मास्तर राहिले. माझ्यासाठीही एका गाडीत जागा ठेवली होती. आत्यानं मला जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. मी थांबलो. तिचं पटलं म्हणून थांबलो असं लिहिलं तर ती मलाच खूण विचारेल. मला ते कोडं सुटताना पाहायचं होतं, आणि तिला एकटी सोडवेना, एवढंच.

ते दिवस विचित्र होते. मोकळ्या गावात कोंबडी ओरडली तरी दचकायला होई. आत्या रोज नेहमीसारखी शेतावर जाई. बाळंतिणीची खोली तिनं शेणानं सारवली, बाजेला नवी दोरी विणली, डिंक आणि खोबरं काढून ठेवलं. हे ती विश्वासानं करत होती का? मी विचारलं.

"इस्वास कशाचा? लेक आली तर तयारी लागंल. न्हाई आली तर सारवलेल्या खोलीनं काय बिघडतंय?"

पण एकदा तिला मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली पाहिलं. हातात ओला बोळा तसाच होता, आणि सारवण वाळून गेलं होतं.

धनगर आला तो सकाळच्या वेळी, एकटाच, पायाला फडकं बांधलेलं. आत्या अंगणात शेंगा वाळत घालत होती. ती उठली नाही. 

"लेक हाय," तो लांबूनच म्हणाला. "घरातच हाय. गाव उभं हाय, आक्का."

"खूण?"

एरवी तोंड न मिटणारा तो माणूस लाजला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "लेक म्हणली… लग्नाच्या आदल्या दिशी आई मला शेळ्यांच्या गोठ्यात घिऊन गेली. तिथं पोटभर रडली. अन् म्हणली, आता उद्या मी रडणार न्हाई."

लेकीच्या पाठवणीला आत्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावातल्या बाया अजून ते बोलत; दगडाची बाई म्हणत. मीही तसंच समजत आलो होतो.

आत्यानं दोन्ही हात शेंगांच्या ढिगात घातले आणि मान खाली करून बसली. "ताजी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग धनगरानं सगळं सांगितलं. टोळी आली होती हे खरं. खळ्यावरच्या कडब्याच्या गंज्या पेटवल्या, तो जाळ लांबवर दिसला असणार. धान्य नेलं, माणसांना मारलं. जावयाचा हात मोडला होता. पण घरं जळाली नव्हती. कढयांची तर गोष्टच नाही, हळद भुईतच होती. आणि लेक एवढे दिवस निघत का नव्हती? कारण तिकडं बातमी पसरली होती की आमचंच गाव जळून ओस पडलं आहे. तिला माहेर उरलेलंच नाही असं सांगत होते. आत्याची खूण ऐकली तेव्हा कुठं तिला पटलं की आई आहे, घर आहे, आणि दार उघडं आहे.

धनगर परत गेला तो बायकोला आणि मेंढरांना घेऊन. लेकीला सासरच्या गाडीत बसवून, सडक सोडून, रानारानातून आणलं. पुढं काही मेंढरं, मागं काही. मागून कळप चालला की चाकोरी पुसली जाते; गाडी कुठून गेली ते कोणाला कळत नाही. धनगरीण सारा वेळ गाडीबरोबर पायी होती. ती माणसं अंगणात शिरली तेव्हा आत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो लेकीवरून ओवाळून टाकून ती म्हणाली, "लई उशीर केला गं, पोरी." मग एवढी माणसं पाहत असताना, अंगणाच्या मधोमध, ती रडली.

आठवडाभरानं मुलगी झाली. सारवलेल्या खोलीत.

आता वडिलांना कळवायचं होतं. जायला मीच होतो. निघताना आत्यानं मला थांबवलं.

"खूण घिऊन जा."

"आत्या, मी त्यांचा मुलगा. मला खूण कशाला?"

"लेक असला म्हणून काय झालं? खोटं सांगायला घरचंच माणूस लागतं." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "सांग त्याला, मुलगी झाली, मायलेकी खुशाल हायेत. गाव उभं हाय. अन् म्हणावं, जे छापलंस ते आता तूच पूस. खूण सांग: नथ डेऱ्यात पडली, लोण्यात घावली."

"ती तर शिळी आहे!"

"तीच दे."

कनेरगाव नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायांनी माझं बोचकं उलटंपालटं केलं, टोपीचं अस्तरसुद्धा उसवलं. माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता. सगळा माल तोंडात होता.

वडील एका कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या शेडमध्ये सायक्लोस्टाईलच्या यंत्राशी बसले होते. कोपरापर्यंत शाई. मी निरोप सांगितला. मुलगी झाली म्हणताच त्यांनी डोळे मिटले, पण लगेच उघडले. चळवळीतला माणूस, त्यांनाही शंका आली असणार, की पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतंय. मग मी खूण सांगितली.

ते आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हसू लागले, आणि हसता हसता शाईच्या हातानं डोळे पुसले, तर सगळा चेहरा काळा झाला. "आक्कानंच पाठवलंय," ते म्हणाले. "तिच्याशिवाय ही खूण मला परत पाठवायची कोणाला सुचणार?" गावभर झालेली ती खूण आता त्या दोघांची झाली होती. तिच्यात आता नथही होती आणि त्यांचं खोटंही होतं.

मी म्हणालो, "ती म्हणते, जे छापलंत ते पुसा."

शेडमधला दुसरा कार्यकर्ता उसळला. "हे आता? लढाई तोंडावर असताना? चूक छापली तर उद्या सरकारी पेपर ढोल बडवेल. म्हणेल, बघा, यांचं सगळंच खोटं."

वर्षभरापूर्वी मी हेच वाक्य म्हणालो असतो, याच आवाजात. वडिलांनी यंत्र थांबवलं. नवा मेणकागद घेतला, लेखणी घेतली, आणि पत्रकाच्या अगदी वर, जिथं ते नेहमी आवेशाची ओळ लिहीत, तिथं लिहू लागले. मागील पत्रकात अमुक गाव जळाल्याचे छापले होते. ते चूक होते. गंज्या जाळल्या, धान्य लुटले, माणसांना मारहाण झाली. घरे उभी आहेत.

माझ्या वडिलांनी पुष्कळ लिहिलं. त्यातलं बरंच मला तोंडपाठ होतं. पण त्यांचा मुलगा म्हणून मला अभिमान वाटतो तो त्या चार वाक्यांचा. आज मोगलाई गेली. उघड्यावर छापता येतं, हवं ते छापता येतं, आणि मीही छापतो. पुष्कळ जण मला सांगतात की लोकांसमोर चूक मान्य करू नये, धाक जातो. त्यांना मी ते पत्रक दाखवतो. ज्याला आपली चूक छापता येत नाही त्यानं दुसऱ्याचं खोटं उघडं करायला निघू नये.

परत आलो तेव्हा ते पत्रक घोंगडीच्या घडीतून मीच आणलं होतं. नाक्यावरच्या शिपायानं घोंगडी झटकली, पण घडी उलगडली नाही. आत्या बाळंतिणीच्या खोलीत होती. नात मांडीवर, लेक बाजेवर. मी पत्रक पुढं धरलं. मोठ्यानं वाचलं नाही. तिला स्वतः वाचू दिलं. तिनं नातीचं डोकं एका हातानं सावरत ती चार वाक्यं दोनदा वाचली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. शाबासकीची वाट पाहत होतो, वडिलांच्या वतीनं.

"बराबर हाय," ती म्हणाली. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"काय शोधतेस?"

"कढई राहिली," आत्या म्हणाली. "कढयांचं पुसलंच न्हाई त्यानं."

बाजेवर लेक इतकी हसली की आत्यानं तिला दटावलं, पोटात कळ येईल म्हणून. आणि मला म्हणाली, पुढच्या खेपेला जाशील तेव्हा सांग.